व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर चालू केला की फ्यूज उडतो. पॉवर ट्रान्सफॉर्मर जळालाय का, हे सुरक्षितपणे कसं तपासायचं? रिवाइंडिंगला (आतली तार नव्याने गुंडाळायला) किती खर्च येईल?

तपासण्याआधीच रिवाइंडिंगचा खर्च विचारलात, म्हणून लिहितोय. आमचा दादा असाच.

सांगलीला त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, मी त्याच्या हाताखाली. एका देवळाचा कीर्तनाचा ॲम्प्लिफायर आला. आउटपुटला दोन ईएल३४ व्हॉल्व्ह, आणि एसीचा डीसी करणारा रेक्टिफायर व्हॉल्व्ह जीझेड३४. फ्यूज दोनदा उडाला, तिसऱ्यांदा दादाने जाड तार घातली. धूर निघाला. "ट्रान्सफॉर्मर गेला." रिवाइंड करून आणला, तर अर्ध्या तासात हात ठेववेना आणि वार्निशचा वास. दादाने वाइंडरचा उद्धार केला, पैसे अडकवून ठेवले. तो म्हातारा वाइंडर पायरीवर बसून एवढंच म्हणाला, "रेक्टिफायर काढून लावून बघा की."

दादा जेवायला गेल्यावर मी बघितलं. फेजच्या वायरीत १०० वॅटचा बल्ब सिरीजमध्ये घातला (तारेचाच हवा, एलईडी चालत नाही); पुढे शॉर्ट असेल तर फ्यूज उडण्याऐवजी बल्बच भगभगीत पेटतो. सगळे व्हॉल्व्ह काढून स्विच दाबला. बल्ब क्षणभर पेटला आणि जवळजवळ विझला. म्हणजे ट्रान्सफॉर्मर ठणठणीत. मग नुसता रेक्टिफायर बसवला. पंधरा-वीस सेकंद काही नाही, आणि तो तापल्यावर बल्ब हळूहळू उजळत गेला तो तसाच राहिला. रेक्टिफायरच्या पुढचा, डीसी गाळून सपाट करणारा पहिला फिल्टर कंडेन्सर लीक होता. चोर सोडून संन्याशाला फाशी.

दादा अजूनही मानत नाही. "वाइंडिंगच कच्चं होतं, नंतर बसलं," म्हणतो. वाइंडिंग काय लोणचं आहे मुरायला? वाइंडरचे पैसे त्याने कधीच दिले नाहीत, त्यामुळे खर्चाचं आमच्या घरात विचारू नका.

तुमच्याकडे सगळे व्हॉल्व्ह काढूनही बल्ब भगभगीत राहिला, तर प्लग काढून ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीच्या (आउटपुट बाजूच्या) सगळ्या वायरी सोडवा, टोकं वेगवेगळी टेप करा आणि परत लावा. अजूनही भगभगीत? मग गेला. नुसत्या मीटरने ओहम मोजून निकाल देऊ नका. दोन-चार वेढे आपसात शॉर्ट असले तर मीटरला ते कळतच नाही. उलट एचटीच्या (जास्त व्होल्टच्या वाइंडिंगच्या) दोन अर्ध्या भागांचा रेझिस्टन्स थोडा वेगळा आला म्हणून घाबरू नका. बाहेरच्या अर्ध्याला तार जास्त लागते, एवढंच. व्हॉल्व्ह काढलेले असताना हीटरच्या वाइंडिंगवर ६.३ व्होल्टच्या जागी ७ च्या आसपास दिसलं तरी ठीक.

हो, हे आधी लिहायला हवं होतं: सिरीज बल्ब ट्रान्सफॉर्मरला वाचवतो, तुम्हाला नाही. आत ४००-४५० व्होल्ट डीसी असतो आणि प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये उरतो. १० किलोओहम, १० वॅटचा रेझिस्टन्स इन्सुलेटेड क्लिपांनी कंडेन्सरच्या दोन टोकांना मिनिटभर लावा, मग मीटरने बघा, मगच हात घाला. व्हेरिॲक (व्होल्टेज कमी-जास्त करणारा ट्रान्सफॉर्मर) आहे म्हणून निर्धास्त होऊ नका, तो मेनपासून वेगळं करत नाही. चालू सेटवर मोजायचंच असेल तर एक हात खिशात, आणि मीटर १००० व्होल्टचा.

दादा कंडेन्सर स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून रिकामा करायचा. फाट्! तो स्क्रू-ड्रायव्हर आता माझ्याकडे आहे, टोक उंदराने कुरतडल्यासारखं झालंय.