फुलोऱ्यातल्या मिरचीला एलईडी किती द्यायचा?

तुमचा प्रश्न वाचला. घरात मिरचीच्या चार कुंड्या, वर 100 वॉटचं पांढरं एलईडी पॅनल, शेंड्यापासून आठ इंचांवर. कळ्या दिसल्या म्हणून डिमर (उजेड कमी-जास्त करायचं बटण) 50 टक्क्यांवरून एकदम 100 वर नेलात. आठवड्यात शेंड्याची पानं पांढरट पडली, कडा वर वळल्या आणि फुलं देठासकट गळायला लागली. आता तुम्ही विचारताय की उजेड अजून वाढवायचा का, आणि फुलासाठी दिवा बाराच तास ठेवायचा असं वाचलंय ते खरं का.

नको! उलट आजच कमी करा.

फुलोऱ्यात झाडाला जास्त उजेड लागतो हे खरं आहे, पण तो एका रात्रीत दुप्पट झालेला त्याला सोसत नाही. सावलीत वाढलेलं रोप मे महिन्यात गच्चीत नेऊन ठेवलं तर जे होतं, तेच इथे झालंय. डिमर परत 50 वर आणा, पॅनल सोळा-अठरा इंचांवर घ्या आणि नवा शेंडा नीट आला की मगच दर दोन-तीन दिवसांनी पाच-दहा टक्के चढवा.

किती चढवायचं हे वॉटवरून ठरवू नका. माझ्या पहिल्या पॅनलच्या खोक्यावर 1000 वॉट छापलं होतं. प्लगला मीटर लावला तेव्हा 96 दिसले. झाडाला खोकं वाचता येत नाही, त्याला शेंड्यावर किती उजेड पडतो तेवढंच कळतं. तो मोजायचं माप म्हणजे पीपीएफडी, म्हणजे एका चौरस मीटरवर दर सेकंदाला झाडाच्या उपयोगाचे किती मायक्रोमोल प्रकाशकण पडतात. त्याचा मीटर महाग असतो. पण दिवा पांढरा असेल तर साध्या लक्स मीटरचा (लक्स म्हणजे डोळ्याला दिसणाऱ्या उजेडाचं माप) आकडा सत्तरने भागा, अंदाजापुरतं चालतं. फुलावर आलेल्या मिरचीला 400 ते 600 पुरे, म्हणजे साधारण 28 ते 42 हजार लक्स. भर दुपारचं ऊन लाखभर लक्सपर्यंत जातं, तेव्हा हा आकडा फार मोठा नाही. जांभळ्या दिव्याखाली मात्र हा हिशोब चालत नाही. लक्स मीटर माणसाच्या डोळ्यासारखा हिरव्या-पिवळ्या उजेडाला भाव देतो, लाल-निळा त्याला कमीच दिसतो. मोबाइलचं अ‍ॅप नेमका आकडा देत नाही, पण काल-आज आणि मध्य-कडा अशी तुलना करायला बरं.

ती तुलना करून बघाच. मीटर शेंड्याच्या उंचीवर आडवा धरा, एकदा मधोमध आणि मग चारही कोपऱ्यांत. माझ्याकडे मधे 40 हजार असताना कोपऱ्यात जेमतेम 19 भरत होते. म्हणून मी दर रविवारी कुंड्यांची जागा बदलतो. आणि हे एकदाच मोजून भागत नाही, कारण दिवा जागच्या जागी असला तरी झाड वर येत असतं. गणपतीत सहा दिवस गावी गेलो होतो. परत आलो तर एका झाडाचा शेंडा दिव्याला टेकलेला आणि वरची पानं पापडासारखी कुरकुरीत.

उजेडाइतकेच तासही महत्त्वाचे. दिवसभराची बेरीज काढायची तर पीपीएफडी गुणिले तास गुणिले 0.0036. 500 मायक्रोमोल चौदा तास दिले तर चौरस मीटरला दिवसाचे 25 मोल भरतात, मिरचीला 20 ते 30 हवेत. म्हणजे दिवा कमी ताकदीचा असला तर दोन तास वाढवून भागतं. चोवीस तास मात्र नको, झाडाला रात्र हवीच. टोमॅटो-वांग्याची पानं सततच्या उजेडाखाली पिवळी पडतात.

बारा तासांचं तुम्ही जे वाचलंय ते विसरा. ग्रो लाइटबद्दलचं (घरात झाडं वाढवायच्या दिव्यांबद्दलचं) नेटवरचं निम्मं ज्ञान परदेशातल्या गांजावाल्यांकडून आलंय. (आपल्याकडे ते झाड घरात लावणं 1985 च्या कायद्याने गुन्हा आहे, तो विषय इथेच थांबवतो.) गांजा काय किंवा शेवंती काय, रात्र मोठी झाल्याशिवाय फुलावर येत नाहीत. म्हणून तर शेवंतीवाले फूल लांबवायला रात्री शेतात बल्ब लावतात. मिरचीचं तसं काही नसतं. ती वयात आली की फुलते.

आता फुलगळ. तिचा दोष एकट्या उजेडावर टाकू नका. दिवसा खोली 33-34 अंशांच्या वर जात असेल आणि रात्री 24-25 च्या खाली उतरत नसेल तर मिरची फुलं टाकतेच, त्यात दिव्याची उष्णता वेगळी. मी उन्हाळ्यात दिवा संध्याकाळी सहाला लावतो आणि सकाळी आठला बंद करतो. शिवाय घरात वारा नाही, त्यामुळे पराग हलत नाही. रोज सकाळी फुलांच्या देठाला टिचकी मारा, किंवा लहान पंखा लावा.

आणि हो, कडा वर वळल्यात म्हणालात, तर चुरडा-मुरडा (मिरचीची पानं आकसून वळण्याचा रोग) नाही ना, तेवढं बघून घ्या. पांढऱ्या कागदावर शेंडा झटका. बारीक, लांबट, पिवळसर किडे पळताना दिसले तर ते फुलकिडे, आणि मग उजेडाशी कितीही खेळलात तरी उपयोग नाही. फुलकिड्यांनी पान वर वळतं, कोळी किडीने खाली. किडा नसेल आणि फक्त दिव्याजवळची पानंच फिकी, खालची हिरवीगार असतील, तर दोष उजेडाचाच. खत कमी पडलं असतं तर बहुतेक वेळा खालची पानं आधी पिवळी पडली असती. त्यामुळे घाईने युरिया घालू नका.

पांढरी पडलेली पानं परत हिरवी होणार नाहीत, त्यांच्याकडे बघत बसू नका, तोडूही नका. नवा शेंडा बघा. तो आठ-दहा दिवसांत हिरवा आणि सपाट आला की डिमर 60 वर न्या, आणि तेव्हाचे पाच जागचे लक्सचे आकडे इथे टाका.