हजार यार्डाच्या टार्गेट रायफलसाठी कॅलिबर कोणतं घेऊ? .३०८, ६.५ क्रीडमूर का .३०० विन मॅग?

मालक, तुमचा प्रश्न नीट वाचला. मूळचे सोलापूरचे, आता फिनिक्सला, गेल्या वर्षी ग्रीन कार्ड झालं, हजार यार्डावर कागदाच्या टार्गेटवर मारायला रायफल बनवून घ्यायचीय आणि काडतुसांच्या तीन नावांत अडकलाय. वर परत गावी आलो तर सोबत आणता येईल का, हेही विचारलंय. मी नऊ वर्षं फिनिक्सलाच होतो, तिथल्या बेन एव्हरी नेमबाजीच्या रेंजवर पडीक असायचो, आणि आता इकडं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत वडलांचे टॉवेलचे लूम बघतोय, त्यामुळं दोन्हीकडचं सांगतो.

आधी उत्तर सांगून टाकतो, ६.५ क्रीडमूर घ्या. एफ-क्लासमध्ये, म्हणजे स्कोप लावून, टेकू घेऊन लांब मारायच्या स्पर्धेत, एफ-टीआर गटात उतरायचं असेल तरच .३०८, कारण त्या गटात .२२३ आणि .३०८ सोडून तिसरं काही चालतच नाही. .३०० विन मॅगचं मात्र डोक्यातून काढा.

हे एवढं ठासून सांगतोय कारण मी स्वतः तीच चूक केलीय. माझी पहिली रायफल .३०० विन मॅगचीच, का तर लांब मारायचंय म्हणजे दणकट पाहिजे असा आपला देशी हिशोब. गनस्मिथनं, म्हणजे रायफल बांधणाऱ्या कारागिरानं, चार महिने सांगितले आणि अकरा लावले, ते जाऊ द्या. रायफल आली, पहिले दहा राऊंड काय मजा आली म्हणता, विसाव्याला खांदा बोलायला लागला, आणि तीन महिन्यांत माझे स्कोअर सुधारायच्या ऐवजी पडायला लागले. मी दोष स्कोपला दिला, मग गोळ्यांना दिला, मग वाऱ्याला. शेवटी क्लबातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थानं एक दिवस शेजारी बसून एकेक काडतूस माझ्या हातात द्यायला सुरुवात केली आणि मधेच मला न सांगता एक डमी, म्हणजे बिनदारूचं काडतूस, दिलं. मी चाप दाबला, बार झालाच नाही, नुसतं टक्. आणि स्कोपमधली क्रॉसची रेघ माझं टार्गेट सोडून शेजारच्याच्या टार्गेटवर जाऊन बसलेली. म्हणजे झटका बसायच्या आधीच मी अंग आखडून रायफल ढकलत होतो, आणि डोळेही मिटत असणार. तो माणूस काही बोलला नाही, पुढचं काडतूस हातात दिलं. मला काय लाज वाटली म्हणून सांगू.

विन मॅगच्या काडतुसात सत्तर ग्रेनच्या (ग्रेन हे गोळी-दारूच्या वजनाचं माप) वर दारू बसते, .३०८ किंवा क्रीडमूरमध्ये चाळीस-पंचेचाळीसच्या आसपास. तेवढा फरक खांद्याला कळतोच, आणि खिशालाही.

आता आकड्यांचा घोळ. कॅलिबर म्हणजे नळीचा व्यास आणि कार्ट्रिज म्हणजे अख्खं काडतूस, या दोन गोष्टी लोक एकच धरतात. .३०८ विंचेस्टर आणि .३०० विन मॅग दोन्हीची गोळी एकाच व्यासाची, ०.३०८ इंच, फरक मागच्या केसचा आणि दारूचा. तीच गोळी मिलिमीटरमध्ये मोजली तर ७.८२ येते, तरी तिला म्हणतात ७.६२, कारण ते माप नळीतल्या आट्यांच्या उंचवट्यावरून घेतलेलं आणि हे खोबणीवरून. ६.५ ची गोळी पण खरी ६.७ मिलिमीटर भरते. आमच्या धंद्यात सुताचा काउंट वाढला की सूत बारीक होतं, आकडा मोठा म्हणून माल जाड असं समजणारा गिऱ्हाईक आला की आम्ही मनात हसतो, आणि मी तिकडं जाऊन नेमका तसलाच गिऱ्हाईक झालो.

क्रीडमूर २००७ मध्ये हॉर्नडीनं काढलं ते टार्गेटवाल्यांसाठीच, .३०८ १९५२ चं. क्रीडमूरची १४० ग्रेनची गोळी बारीक आणि लांबट, हवेला कमी अडते. सेकंदाला ८२० मीटरच्या आसपास निघते आणि हजार यार्डावर पोचते तेव्हाही आवाजाच्या वेगाच्या बऱ्यापैकी वर असते. .३०८ ची १७५ ग्रेनची तिथं जेमतेम वर असते, आणि आवाजाच्या वेगाच्या खाली येताना गोळी डगमगते. ताशी दहा मैलांचा आडवा वारा असेल तर हजार यार्डावर .३०८ साधारण अडीच मीटरला थोडी कमी सरकते, क्रीडमूर पावणेदोन-दोन मीटर. ऐकायला फरक मोठा वाटतो ना? पण आता हे बघा, एफ-क्लासच्या हजार यार्डाच्या टार्गेटवर दहाची रिंग दहा इंच रुंद, म्हणजे मधोमध धरलं तर इकडं पाच इंच तिकडं पाच इंच. तुमचा वाऱ्याचा अंदाज नुसता दोन मैलांनी चुकला की .३०८ दीड फुटाच्या वर बाहेर आणि क्रीडमूर पण फूटभर बाहेर. दोन्ही दहातून गेल्या. कॅलिबरनं तुमची चूक थोडी कमी महाग पडते एवढंच, वारा वाचायला ते शिकवत नाही.

आणि वारा वाचायचा कशावरून, तर मृगजळावरून. मी हे सांगितलं की इकडं कुणाला खरं वाटत नाही. एप्रिलमध्ये दुपारी अक्कलकोट रोडला लागलं की पुढं डांबरावर पाणी साचल्यासारखं दिसतं बघा, ते लहानपणापासून बघतोय आपण. रेंजवर स्पॉटिंग स्कोप, म्हणजे टार्गेट बघायची दुर्बीण, टार्गेटच्या थोडा अलीकडं फोकस केला की तेच दिसतं, ओढ्यासारखं वाहत असतं, डावीकडून उजवीकडं किंवा उलटं, आणि सावकाश वाहतंय का पळतंय यावरून वाऱ्याचा जोर कळतो. वारा दहा-बारा मैलांच्या पुढं गेला की ते पार आडवं होतं आणि अंदाज लागेनासा होतो, मग झेंडे बघायचे. भांड्यातल्या पाण्यासारखं सरळ वर उकळताना दिसलं की मात्र थांबायचं, कारण एक तर वारा पडलाय नाहीतर दिशा बदलायच्या बेतात आहे, आणि नवा माणूस नेमका तेव्हाच चाप दाबतो. सोलापूरच्या पोराला हे शिकायला वेळ लागू नये, पण त्यासाठी राऊंड जायला पाहिजेत, पाचशे, हजार, दोन हजार, आणि ते तुम्ही विन मॅगनं उडवूच शकत नाही. खांदा उडवू देत नाही आणि नळीही. विन मॅगची मॅचच्या लायकीची नळी बाराशे-पंधराशे राऊंडात संपत येते, क्रीडमूर दोन-अडीच हजार काढते, .३०८ पाच हजारांपर्यंत जाते.

म्हणून नळीला टायर समजा. घासला की बदलायचा. पैसे घालायचे ते ॲक्शनमध्ये, म्हणजे काडतूस भरून बार करणाऱ्या यंत्रणेत, आणि ती शॉर्ट (आखूड) ॲक्शन, .३०८ च्या बोल्ट फेसची, म्हणजे काडतुसाचं बूड जिथं टेकतं त्या मापाची, घ्यायची, कारण .३०८, ६.५ क्रीडमूर, .२६०, सिक्स बीआर, डॅशर या सगळ्या काडतुसांचं बूड एकाच मापाचं, पुढं मन बदललं तर नुसती नळी बदलायची. विन मॅगचा बोल्ट फेस मोठा आणि ॲक्शन लांब, तिथून परत फिरायचं म्हणजे नवीनच रायफल. मी तेच केलं, घाट्यात विकली.

फिनिक्सचं ऊन तुम्हाला सांगायला नको, आपलं मे महिन्यातलं ४३-४४ तिथं गार वाटतं. काडतुसाचा डबा उन्हात ठेवू नका, दारू तापली की गोळीचा वेग वाढतो आणि लांबवर गोळी वर लागते. गरम नळीत काडतूस भरून वाऱ्याची वाट बघत बसू नका, तेच होतं. मी डबा ओल्या पंच्यात गुंडाळून ठेवायचो, लोक हसायचे, नंतर दोघांनी माझ्याकडूनच पंचे मागून घेतले.

एक कायद्याचं. ग्रीन कार्ड आहे म्हणता म्हणून हे सगळं लिहिलं. तुमच्या ऑफिसातले एच-वन-बी वाले मित्र बघून हुरळतील, त्यांना साधारणपणे बंदूक जवळ बाळगता येत नाही, हंटिंग लायसन्ससारखे अपवाद आहेत, पण ते वकिलाला विचारूनच.

आणि सोबत आणायचं म्हणाल तर नका आणू. .३०८ म्हणजे ७.६२ ची सख्खी बहीण, आणि लष्कराची ७.६२ किंवा थ्री-नॉट-थ्रीची गोळी ज्या रायफलीत चालते ती आपल्याकडं प्रतिबंधित बोरमध्ये मोडते. ६.५ त्यात येत नाही हे खरं, पण लायसन्स पाहिजे, आयातीची परवानगी पाहिजे, काडतुसं कुठनं आणणार, आणि समजा सगळं जमलं तर हजार यार्ड मारणार कुठं, हिप्परग्याच्या तळ्यावर? मी माझी तिथंच विकून आलो. आता गच्चीवर दहा मीटर आखून घेतलंय आणि पॉइंट वन सेव्हन सेव्हनची एअर रायफल, २० जूलच्या आतली, तिला लायसन्स लागत नाही. त्यात दहाची रिंग अर्ध्या मिलिमीटरची, पेन्सिलचा ठिपका म्हणा. पॉइंट टूटू, म्हणजे .२२ ची छोटी रायफल, मारावीशी वाटली तर सकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडून पुण्याला बालेवाडीच्या शूटिंग रेंजवर. कोल्हापूरकडच्या स्वप्निल कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशनला (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून मारायचा प्रकार) ब्राँझ आणलं ते त्याच पॉइंट टूटूनं, तेव्हापासून तिथं पोरांची गर्दी असते, आणि ती बघून मला बरं वाटतं.

तर गनस्मिथकडं जाल तेव्हा ६.५ क्रीडमूर, जाड नळी, एक-आठचा ट्विस्ट (आठ इंचात गोळीला एक फेरी देणारा पीळ) एवढं सांगा, आणि रायफल कधी देणार ती तारीख कागदावर लिहून घ्या, तोंडी नको.