चार आणि नऊ वर्षांची मुलं, मध्यम शहर आणि सुट्टीचा दिवस

प्रश्न थोडक्यात असा आहे: मुलं ४ आणि ९ वर्षांची. शहर ना फार मोठं ना फार लहान. एक मोठी बाग, एक संग्रहालय, एक वाचनालय, गावाबाहेर तलाव, आणि हे सगळं 'बघून झालंय'. आता सुट्टीच्या दिवशी त्यांना कुठे न्यायचं?

माझ्या मते अडचण त्या 'बघून झालंय'मध्येच आहे. बघून होतं ते मोठ्यांचं. चार वर्षांचं मूल त्याच घसरगुंडीवर चाळीस वेळा चढतं आणि एकेचाळिसाव्या वेळी तितक्याच आनंदानं खाली येतं. म्हणून नवी जागा शोधण्याआधी जुन्या जागी करण्यासारखं एक काम शोधा. 'चला, बागेत जाऊ' म्हटलं की नऊ वर्षांचं मूल तोंड वाकडं करतं. 'बागेतलं सगळ्यात उंच झाड किती उंच आहे ते मोजून येऊ' म्हटलं की तेच मूल टेप शोधायला लागतं. मध्यम शहरात ही पद्धत फार सोयीची पडते, कारण सगळं वीस-पंचवीस मिनिटांच्या अंतरावर असतं. एकाच ठिकाणी महिन्यातून चार वेळा, दर वेळी थोडाच वेळ, असं जाता येतं.

वेळेचा हिशोब आधी करा. घरातून निघून घरात परत येईपर्यंत अडीच तास, त्याहून जास्त नको. त्यातली चाळीस-पन्नास मिनिटं जाण्यायेण्यात जातात, पंधरावीस मिनिटं चपला, बाटली आणि स्वच्छतागृहात. प्रत्यक्ष हाती राहतो सव्वा ते दीड तास, आणि धाकट्याला तेवढा पुरेसा असतो. तो अजून दुपारी झोपत असेल तर झोपेच्या वेळेआधी तासभर घरी पोचायचं. परतीच्या गाडीत दहा मिनिटांची डुलकी लागली की दुपारची झोप उडते आणि संध्याकाळ सगळ्यांनाच जड जाते. खाणं निघण्यापूर्वी उरकून घ्या, सोबतचा खाऊ फक्त परतीसाठी. तिथे पोचल्यावर आधी खायला बसलात तर उत्साहाचा पहिला, सगळ्यात चांगला अर्धा तास त्यातच जातो.

आता झाडाची उंची. एक मीटर लांबीची सरळ काठी आणि मोजायची टेप घ्या. सपाट जमिनीवर काठी उभी धरा आणि तिची सावली मोजा. लगेच झाडाची सावली बुंध्यापासून टोकापर्यंत मोजा. झाडाची सावली भागिले काठीची सावली, ही झाली झाडाची उंची मीटरमध्ये. काठीची सावली ८० सेंटिमीटर आणि झाडाची ९ मीटर ६० सेंटिमीटर असेल तर झाड १२ मीटर उंच. चुका तीन ठिकाणी होतात. काठी तिरकी धरली जाते. दोरीला दगड बांधून ती शेजारी लोंबती ठेवली की काठी सरळ आहे का ते कळतं. जमीन उताराची असते. आणि दोन मोजमापांमध्ये अर्धा तास जातो, तेवढ्यात सावली बदललेली असते. झाड पसरट असेल तर सावलीचं टोक शेंड्याचं नसून बाजूच्या फांदीचं असू शकतं, म्हणून पहिल्यांदा उंच, निमुळतं झाड निवडा. धाकट्यानं टेपचं टोक धरायचं आणि पावलं मोजायची, मोठ्यानं आकडे लिहायचे. दोघांच्या कामांची अशी वाटणी प्रत्येक फेरीत करा. मोठ्याला धाकट्यावर लक्ष ठेवण्याचं काम मात्र देऊ नका. ते तुमचं काम आहे, आणि ते त्याच्यावर टाकलं की त्याची सहल तिथेच संपते.

त्याच झाडाखाली आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मला विशेष आवडते. दाट सावलीत जमिनीवर उन्हाचे गोल ठिपके पडलेले असतात. पानांमधल्या फटी वेड्यावाकड्या असतात, मग ठिपके गोल का? कारण प्रत्येक बारीक फट सूर्याची प्रतिमा टाकते. ठिपक्याच्या जागी पांढरा कागद उन्हाला काटकोनात धरा, म्हणजे लांबट ठिपका गोल होतो. उन्हाच्या रेषेत फट कागदापासून साधारण ११ मीटर लांब असेल तर तो गोल १० सेंटिमीटरच्या आसपास भरतो. फट जितकी दूर, तितका ठिपका मोठा आणि फिका. खंडग्रास सूर्यग्रहणात हेच ठिपके चंद्रकोरीसारखे होतात. नऊ वर्षांच्या मुलाला हे एकदा कळलं की ते दर झाडाखाली खाली बघत चालतं.

खेळण्यांबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल. धाकट्याला मांडीवर घेऊन घसरगुंडीवरून उतरू नका. हे प्रेमापोटीच केलं जातं आणि त्यातूनच नडगीची हाडं मोडतात. मुलाचा बूट कडेला किंवा पृष्ठभागाला अडकतो. ते एकटं असतं तर थांबलं असतं, पण मोठ्या माणसाचं वजन पुढे ढकलत राहतं आणि पाय पिळला जातो. मुलाला जितक्या उंचीवर स्वतः चढता येतं तितक्याच उंचीवरून उतरू द्या. ऊन असेल तर धातूची घसरगुंडी, गडद प्लास्टिक आणि खालची रबरी जमीन या तिन्हींवर तळहाताची मागची बाजू पाच सेकंद टेकवून बघा. तुम्हाला टेकवत नसेल तर मुलाच्या मांडीला चटका बसणारच. जॅकेटच्या टोपीची नाडी, गळ्यातली दोरी, मफलर आणि सायकलचं हेल्मेट हे सगळं खेळण्यांवर चढण्यापूर्वी काढायचं. फटीत अडकून गळा आवळण्याचा धोका खरा आहे. उन्हासाठी सोपी खूण मुलांनाच शिकवा: आपली सावली आपल्यापेक्षा लहान झाली की झाडाखाली यायचं.

तलावावर गेलात तर एकच नियम, आणि त्यात सूट नाही. पोहता न येणारं मूल तुमच्या हाताच्या अंतरात हवं. बुडणारं मूल बहुतेकदा ओरडत नाही, हातही हलवत नाही, कारण श्वास घेण्यातच सगळी ताकद जाते. लहान मूल काही सेंटिमीटर पाण्यातही बुडू शकतं. हवेनं फुगवलेल्या बाह्या आणि रिंगा ही खेळणी आहेत, त्यांच्या भरवशावर राहू नका. फोन खिशात ठेवा. दोन मोठी माणसं असतील तर 'आता माझी पाळी' असं शब्दांत सांगून पाळी घ्या, नाहीतर दोघंही समजतात की दुसरा बघतोय.

संग्रहालयाला लोक सगळ्यात जास्त नावं ठेवतात, आणि तिथे नेण्याची पद्धतच चुकलेली असते. सगळी दालनं बघायची नाहीत. एक दालन, तीन वस्तू, पंचेचाळीस मिनिटं. उघडण्याच्या वेळीच पोचा, तेव्हा गर्दी नसते. अनेक संग्रहालयं आठवड्यातून एक दिवस बंद असतात, कित्येक ठिकाणी तो सोमवार असतो, तेवढं आधी बघून घ्या. आत गेल्यावर पहिली चूक म्हणजे पाट्या वाचून दाखवणं. 'अमुक शतक, तमुक शैली' हे चार वर्षांच्या मुलाला काहीच सांगत नाही. त्याच्या उंचीला खाली बसा आणि तिथून वस्तू बघा; कितीदा काचेवरची चमक सोडून काहीच दिसत नाही, आणि मूल कंटाळतं ते त्यामुळे.

मूर्तीसमोर तिच्यासारखं उभं राहून दाखवायला सांगा. एक पाय वाकवून, कंबर एका बाजूला काढून उभं राहताना तोल कुठे जातो हे अंगालाच कळतं. तुटलेला हात असेल तर त्यात काय असेल ते ओळखायला लावा. प्राण्यांचे सांगाडे किंवा पेंढा भरलेले प्राणी असतील तर फक्त दात बघा: पुढचे सुळे लांब आणि मागचे दात कात्रीसारखे असतील तर मांस खाणारा, मागचे दात रुंद, चपटे असतील तर चारा चघळणारा. नाण्यांच्या कपाटात सगळ्यात लहान नाणं शोधायचं. मोठ्यानं एका वस्तूचं चित्र काढायचं, पेन्सिलनंच. शाईच्या पेनाला बऱ्याच ठिकाणी मनाई असते आणि ती योग्यच आहे. पाटी शेवटी वाचायची, मुलानं स्वतःचा अंदाज सांगितल्यावर. मग तीच पाटी त्याला उत्तर वाटते. बाहेर पडताना दुकानात रडारड होते, म्हणून एकच चित्रकार्ड घ्यायचं हे घरीच ठरवून निघा.

वाचनालयाचं काम लवकर सांगून होईल. धाकट्याला खालच्या फळीवरून हवं ते उचलू द्या, महिनाभर एकच पुस्तक आणलं तरी हरकत नाही. मोठ्याला पाच बोटांची युक्ती शिकवा: मधलं कुठलंही पान उघडायचं, न कळलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटायचं. पान संपण्याआधी पाची बोटं मिटली तर ते पुस्तक सध्या शेजारी बसून वाचून दाखवायचं. कथाकथन असेल तर दारापाशी बसा, म्हणजे धाकटा चुळबुळला की कुणाला त्रास न देता उठता येतं.

बसची फेरी ही मध्यम शहरातली उत्तम सहल आहे आणि तिला कुणी सहल म्हणत नाही. एक मार्ग निवडायचा, पहिल्या थांब्यापासून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि परत यायचं. आदल्या दिवशी मोठ्याला मार्गाचा नकाशा कागदावर काढू द्या आणि बसमध्ये प्रत्येक थांब्यावर खूण करायचं काम त्याच्याकडे सोपवा. पोटात ढवळतं त्या मुलाला पुढच्या किंवा मधल्या भागात बसवा, मागच्या चाकांच्या वर नको, आणि नजर खिडकीबाहेर लांब ठेवायला सांगा. नकाशात मान घालून बसलं की हमखास मळमळतं, म्हणून खूण फक्त बस थांबल्यावर करायची. सुट्टीच्या दिवशी बस कमी असतात. परतीची वेळ निघण्यापूर्वीच बघा.

अग्निशमन केंद्र बघायला मिळतं का, ते फोन करून विचारा. पाच-सहा मुलांचा गट आणि अर्धा तास, एवढंच मागा. मध्येच बोलावणं आलं तर गाडी निघून जाईल, हे मुलांना आधी सांगून ठेवा. तिथे एक गोष्ट आवर्जून विनंती करून बघून घ्या: श्वसनाचा मुखवटा आणि पूर्ण पोशाख घातलेला जवान. मुखवट्यातून येणारा श्वासाचा आवाज भीतीदायक असतो आणि खऱ्या आगीत लहान मुलं त्या आकृतीला घाबरून पलंगाखाली लपतात. मुलासमोर एकेक वस्तू चढवत पोशाख घातला तर आत माणूस आहे हे त्याला कळतं.

वीज चमकत असेल तर बाग किंवा तलाव नकोच. चमक आणि गडगडाट यांत ३० सेकंदांपेक्षा कमी अंतर असेल तर इमारतीत किंवा बंद गाडीत जायचं आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच थांबायचं. झाडाखाली उभं राहायचं नाही. आतून मोजायला मुलांना मजा येते: दर तीन सेकंदांना साधारण एक किलोमीटर.

निघण्याच्या वेळी 'अजून पाच मिनिटं' म्हणू नका, चार वर्षांच्या मुलाला पाच मिनिटं म्हणजे किती ते माहीत नसतं. 'अजून तीनदा घसरगुंडी' म्हणा आणि मोठ्यानं मोजा. तिसरी झाली की खरंच निघा. एकदा चौथी दिलीत की पुढच्या खेपेला ती युक्ती चालणार नाही.

गर्दीच्या ठिकाणी जाताना घरातून निघण्यापूर्वी दोघांचा त्या दिवसाच्या कपड्यांत एक फोटो काढा. धाकट्याच्या दंडावर पेनानं तुमचा नंबर लिहा. चुकामूक झाली तर जागेवर थांबायचं आणि सोबत लहान मूल असलेल्या बाईला किंवा गणवेशातल्या कर्मचाऱ्याला सांगायचं, हे आधी घोकून घ्या. आईबाबांची खरी नावं त्याला येतात का तेही बघा. मूल दिसेनासं झालं तर पहिली धाव पाण्याकडे आणि रस्त्याकडे, मग खेळण्यांकडे.

आणि संध्याकाळ विसरू नका, शहराबाहेरचा थोडा अंधार मध्यम शहरात अजून जवळ असतो. चंद्र पौर्णिमेला दाखवू नका. तेव्हा उजेड समोरून पडतो, सावल्या नसतात, सगळं सपाट दिसतं. शुद्ध अष्टमीच्या आसपास बघा: चंद्र सूर्यास्तालाच वर आलेला असतो, मुलांच्या झोपेआधी बघून होतं, आणि उजेड-अंधाराच्या सीमेवरची विवरं सावल्यांमुळे उठून दिसतात. साधा बायनॉक्युलर पुरे, पण कोपर भिंतीवर किंवा गाडीच्या टपावर टेकवा, नाहीतर चित्र नाचत राहतं. धाकट्याला 'दोन गोल दिसतात' अशी तक्रार असेल तर ती खरी आहे. मोठ्यांचे बरेच बायनॉक्युलर डोळ्यांमधल्या साधारण ५६ मिलिमीटर अंतरापर्यंतच मिटतात आणि त्याच्या डोळ्यांतलं अंतर त्याहून कमी असतं. त्याला एका डोळ्यानं बघू द्या. दिवसा मात्र बायनॉक्युलर मुलांच्या हाती एकट्यानं देऊ नका. त्यातून सूर्याकडे क्षणभर बघितलं तरी डोळा कायमचा जाऊ शकतो.

गुरू आकाशात असेल तर दहापट मोठं दाखवणाऱ्या, घट्ट टेकवलेल्या बायनॉक्युलरमधून त्याच्या शेजारी एका ओळीत बारीक ठिपके दिसतात. गॅलिलिओनं १६१० साली पाहिलेले चार चंद्र ते हेच. चारही दर वेळी दिसतीलच असं नाही, एखादा गुरूच्या मागे किंवा पुढे असतो. मोठ्याला वहीत त्या दिवसाची तारीख, वेळ आणि ठिपक्यांच्या जागा काढू द्या आणि दुसऱ्या संध्याकाळी त्याच वेळी पुन्हा. सगळ्यात आतला आयो सुमारे साडेबेचाळीस तासांत एक फेरी मारतो, त्यामुळे दुसऱ्या दिवशीची ओळ वेगळी निघते आणि हे त्याला स्वतःच्याच चित्रात दिसतं. ढग आले तर चित्राची जागा रिकामी ठेवून तारीख तेवढी लिहायची.