गिअर टाकला की गाडी बंद पडते, आता गिअरबॉक्स उघडायचा का?

प्रश्न : माझ्याकडे जुनी कार्बोरेटरवाली ऑटोमॅटिक गाडी आहे, सहा सिलिंडर. पार्कमध्ये आणि न्यूट्रलमध्ये आयडलला (एक्सिलरेटर न दाबता) छान चालते, पण ब्रेक दाबून डी मध्ये टाकली की दोन-तीन आचके देते आणि बंद. रिव्हर्समध्येही तसंच. एक्सिलरेटरवर पाय ठेवून डी मध्ये टाकली तर निघते आणि एकदा निघाली की रस्त्यावर काही तक्रार नाही, मग पुढच्या सिग्नलला थांबलो की परत बंद. मेकॅनिकने कार्बोरेटर काढून साफ केला, नवीन किट टाकलं, तरी फरक नाही. मग त्याने आयडल वाढवून दिला तर आता गिअर टाकताना दणका बसतो आणि गरम झाल्यावर तरीही कधी कधी बंद पडतेच. आता तो म्हणतोय गिअरबॉक्स उघडावा लागेल. काय करू?

उत्तर : गिअरबॉक्सला इतक्यात हात लावू देऊ नका. तुम्ही जे लिहिलंय ना, की रस्त्यावर नीट पळते आणि फक्त थांबल्यावर गिअरमध्ये मरते, त्यावरून मला तरी दोष इंजिनाच्या आयडलमध्ये वाटतोय, गिअरबॉक्सच्या आत नाही.

आधी काय होतं ते बघू. पार्क किंवा न्यूट्रलमध्ये इंजिनावर जवळपास काही लोडच नसतो, त्यामुळे अर्धमेलं इंजिनसुद्धा तिथे गोड चालतं. डी मध्ये टाकलं की चाकं ब्रेकने धरलेली, म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरची (इंजिन आणि गिअरबॉक्सला ऑइलमधून जोडणारा भाग) गिअरबॉक्सकडची बाजू जागच्या जागी थांबलेली आणि इंजिनाकडची बाजू मात्र फिरतेय, तिला ते ऑइल घुसळत बसावं लागतं. हा लोड एकदम येतो. चांगल्या इंजिनाचा आरपीएम तेव्हा थोडा खाली येतो आणि तिथे स्थिर होतो. तुमच्या इंजिनाकडे तेवढी शिल्लक ताकद नाहीये म्हणून ते खाली येतं आणि येतच राहतं. ती ताकद कोण खातंय ते शोधायचं, एवढंच काम आहे. आयडलचा स्क्रू पिळून आरपीएम वाढवणं हा इलाज नाही, उलट त्याने खरा दोष झाकला जातो आणि नवीन एक तयार होतो, त्यावर पुढे येतोच.

माझा पहिला संशय आहे हवा चोरण्यावर, म्हणजे व्हॅक्यूम लीक. आयडलला थ्रॉटल (हवेची वाट उघडणारी-मिटणारी पाकळी) जवळपास बंद असतो, इंजिन खूप कमी हवेवर चालतं, त्यामुळे कुठून तरी थोडीशी जरी जास्तीची हवा आत आली तरी मिक्श्चर (हवा-पेट्रोलचं मिश्रण) पातळ होतं. रस्त्यावर थ्रॉटल उघडला की एवढी हवा आत जाते की ती चोरटी हवा त्यात कुठल्या कुठे विरून जाते. तुमची गाडी धावताना नीट का असते त्याचं उत्तर इथे आहे.

आणि यात सगळ्यात आधी ब्रेक बूस्टर (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणारा डबा) बघा, कारण याची एक गंमत आहे. ऑटोमॅटिक गाडी गिअरमध्ये टाकताना आपण ब्रेक दाबतोच, मग गाडी बंद पडली की नाव गिअरचं होतं आणि खरा चोर पेडलखाली असतो. न्यूट्रलमध्ये इंजिन आयडलला ठेवा, गिअरला हात लावू नका, फक्त ब्रेक दाबून धरा. आरपीएम पडला, इंजिन अडखळलं किंवा पेडलपाशी फुस्स असा आवाज येत राहिला तर बूस्टरचा डायफ्राम (आतला रबरी पडदा) फाटलाय. खात्री करायला बूस्टरकडे जाणारा जाड पाइप मॅनिफोल्डपासून (कार्बोरेटरकडून सिलिंडरांकडे मिश्रण नेणारा भाग) काढून तिथलं तोंड घट्ट बंद करा आणि मग गिअरमध्ये टाकून बघा. पण हे करताना चाकांना दोन्ही बाजूंनी अडण लावलेली पाहिजे, हँडब्रेक ओढलेला पाहिजे आणि गाडीच्या पुढे-मागे कुणीही उभं नको. बूस्टर काढल्यावर ब्रेक दगडासारखा कडक होतो, त्यामुळे त्या अवस्थेत गाडी अजिबात चालवायची नाही.

त्यानंतर कार्बोरेटरच्या खालचा गास्केट. कार्बोरेटर काढून परत बसवलाय म्हणजे हा संशय वाढतो, कारण नट एकाच बाजूने जास्त आवळले की बेस वाकतो, किंवा जुनाच गास्केट परत घातला जातो, किंवा मागच्या बाजूची एखादी छोटी नळी लावायची राहून जाते. आरसा आणि टॉर्च घेऊन मागून नीट बघा, एखादं पितळी तोंड उघडं दिसतंय का. मग स्प्रेच्या बाटलीतून पाण्याचा अगदी बारीक फवारा बेसच्या कडेने आणि मॅनिफोल्डच्या जोडावर मारत जा, डिस्ट्रिब्यूटर आणि प्लगच्या वायरी सोडून. ज्या जागी फवारा मारल्यावर इंजिनाचा सूर बदलतो तिथे लीक आहे. बरेच जण यासाठी कार्ब क्लीनर मारतात, त्यानेही कळतं, पण तो पेट घेणारा पदार्थ आहे आणि खाली तापलेला एक्झॉस्ट असतो, मी तरी सांगणार नाही.

आता गिअरबॉक्सवाल्या मुद्द्याबद्दल, कारण मेकॅनिक अगदीच चुकीचा असेल असंही नाही. बऱ्याच जुन्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला बाहेरून एक डबीसारखा भाग लावलेला असतो, व्हॅक्यूम मॉड्युलेटर, त्याला इंजिनाकडून एक बारीक नळी येते. ती नळी मॉड्युलेटरपासून काढा आणि आत बघा. आत लाल ऑइल दिसलं तर त्याचा डायफ्राम फाटलाय, म्हणजे इंजिन तिथून ऑइलही ओढतंय आणि हवाही. सोबत पांढरा धूर आणि गिअर ऑइल कमी होत जाणं हेही दिसेल. पण हा भाग बाहेरूनच बदलतात, त्यासाठी गिअरबॉक्स उघडावा लागत नाही.

व्हॅक्यूम गेज मिळालं तर फार बरं, या कामात त्याच्यासारखं खरं बोलणारं साधन नाही. समुद्रसपाटीला तब्येतीच्या इंजिनाला आयडलला साधारण 17 ते 21 इंच (पाऱ्याचे) व्हॅक्यूम दाखवतो, उंचीवर दर 1000 फुटांमागे अंदाजे 1 इंच कमी धरायचा. काटा स्थिर पण बराच खाली असेल तर लीक किंवा टायमिंग (प्लगची ठिणगी पडायची वेळ) मागे गेलेलं, आणि काटा ठरावीक तालात झटके खात असेल तर एखादा व्हॉल्व्ह किंवा एखादा सिलिंडर बघायला लागेल.

लीक नाही सापडला तर टायमिंग. हे लोक कायम शेवटी बघतात आणि मला त्याचं वाईट वाटतं, कारण टायमिंग मागे असेल तर आयडलला इंजिन थकलेलं असतं आणि मग सगळे बिचाऱ्या कार्बोरेटरच्या मागे लागतात. पॉइंटवाली (डिस्ट्रिब्यूटरमध्ये उघडझाप करणारे संपर्क असलेली) गाडी असेल तर आधी पॉइंटचा गॅप सेट करा आणि मग टायमिंग, उलटं करून चालत नाही कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकतं. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची (व्हॅक्यूमवर टायमिंग पुढे नेणारी डबी) नळी तोंडाने ओढून बघा, ओढ टिकली पाहिजे, सुटत असेल तर तोही डायफ्राम गेला. काही गाड्यांत ही नळी थेट मॅनिफोल्डला असते आणि काहींत थ्रॉटलच्या वरच्या भोकाला, कार्बोरेटर काढ-घाल करताना ती चुकीच्या जागी लागली तर आयडलचं सगळं गणित बिघडतं, तेव्हा बॉनेटखालच्या आकृतीशी ताडून बघा.

आता त्या वाढवलेल्या आयडलबद्दल. कार्बोरेटरमध्ये थ्रॉटलच्या पाकळीच्या कडेला एक बारीक उभी फट असते, ट्रान्स्फर स्लॉट. आयडलला तिचा अगदी थोडा भाग उघडा असायला हवा. स्क्रू पिळून पाकळी जास्त उघडली की ती फट पूर्ण उघडी पडते, पेट्रोल तिथून यायला लागतं आणि मिक्श्चर स्क्रूचा कंट्रोलच जातो. तुमच्या गाडीत आत्ता तेच झालं असावं. तपासायला इंजिन चालू ठेवून मिक्श्चर स्क्रू हळूहळू आत फिरवा, इंजिन बसायला लागलं पाहिजे. कितीही फिरवला तरी काही फरक पडत नसेल तर एक तर पाकळी जास्त उघडी आहे किंवा आयडलचा मार्ग कचऱ्याने बंद आहे, आणि नवीन किट टाकूनही हा मार्ग तुंबलेला राहू शकतो कारण किटमध्ये गास्केट, निडल असं सामान येतं, बारीक भोकं साफ करायचं काम हातानेच करावं लागतं.

लीक बंद झाला, टायमिंग बरोबर झालं की मग सेटिंग. इंजिन पूर्ण गरम, चोक (थंड इंजिनासाठी हवा अडवणारी पाकळी) पूर्ण उघडा, एसी बंद. मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने आत टेकवून तिथून दीड फेरा बाहेर घ्या, आवळू नका, टोकाला खाच पडते. मग जिथे व्हॅक्यूम सगळ्यात जास्त मिळतो तिथे ठेवा आणि आयडल स्क्रूने आरपीएम खाली आणा. आणि कृपा करून बॉनेटखालचं स्टिकर वाचा! बऱ्याच ऑटोमॅटिक गाड्यांत आयडलचा आकडा डी मध्ये असताना मोजायचा असतो. समजा स्टिकरवर डी मध्ये 600 लिहिलंय आणि कुणी न्यूट्रलमध्ये 600 लावून दिला, तर डी मध्ये तो त्याच्या खालीच जाणार, आणि मग एक भागही खराब नसताना गाडी बंद पडत राहते. मॅन्युअलवाल्यांना सवय न्यूट्रलमध्ये सेट करायची, त्यामुळे हे फार वेळा होतं.

गिअरबॉक्सवर संशय घ्यायची एकच खूण सांगतो. गाडी आचके देत हळूहळू न मरता गिअर लागताक्षणी एका झटक्यात बंद पडत असेल, जसं क्लच पटकन सोडल्यावर मॅन्युअल गाडी पडते तसं, आणि तेही मुख्यतः गरम झाल्यावर, तर कन्व्हर्टरचा लॉकअप (त्याच्या दोन्ही बाजू घट्ट जोडणारा क्लच) अडकलाय का ते बघायचं. पण त्यासाठी तुमच्या गाडीत लॉकअप असायला हवा, क्रायस्लरने तो 1978 च्या मॉडेलपासून आणला आणि त्यानंतर इतरांनीही, त्याआधीच्या बहुतेक गाड्यांत तो नसतोच. जिथे लॉकअपचा सॉलेनॉइड विजेवर चालतो तिथे त्याचा प्लग काढून बघितलं की बऱ्यापैकी कळतं. तुमची गाडी दोन-तीन आचके देऊन मरते म्हणताय, म्हणजे हे नाही.

प्रश्न : माझी गाडी फक्त सकाळी थंड असताना गिअरमध्ये बंद पडते, दहा मिनिटांनी काही प्रॉब्लेम नाही. वरची सगळी तपासणी करायची का?

उत्तर : नाही, तुम्ही चोककडे बघा. एअर फिल्टर काढा, इंजिन थंड असताना एक्सिलरेटर एकदा पूर्ण दाबून सोडा, चोकची पाकळी मिटायला हवी. सुरू झाल्यावर ती लगेच थोडीशी, काही मिलिमीटर, उघडली पाहिजे, ते काम एक छोटा व्हॅक्यूम डायफ्राम करतो. तो फाटला असेल तर पाकळी मिटलेलीच राहते, इंजिन पेट्रोलने गुदमरतं, काळा धूर येतो आणि गिअर टाकला की बंद. उलट पाकळी फार लवकर उघडत असेल तर थंड इंजिनाला पेट्रोल कमी पडतं आणि परिणाम तोच. सोबत फास्ट आयडलचा (थंड असताना आरपीएम वाढवून ठेवणारा) पायऱ्यांचा कॅम बघा, तो बरेचदा चिकटलेला असतो, त्याला साफ केलं तरी काम होऊन जातं.

अजून एक, एक्झॉस्टपासून एअर फिल्टरकडे गरम हवा नेणारा पाइप जागेवर आहे का? हा पाइप फाटला की कुणी परत लावत नाही. दमट थंड हवेत पेट्रोलची वाफ होताना कार्बोरेटर इतका गार पडतो की आत बर्फ धरतो, बाहेर बर्फ पडण्याइतकी थंडी नसली तरी. मग गाडी सुरू होते, थोडी चालते आणि थांबल्यावर मरते, आणि जरा वेळ तशीच उभी ठेवली की बर्फ वितळून परत नीट.

प्रश्न : आमची गाडी मॅन्युअल आहे, तरी क्लच पूर्ण दाबून पहिला टाकला की गाडी पुढे ओढते आणि बंद पडते. कार्बोरेटर असेल का?

उत्तर : गाडी पुढे ओढतेय ना, मग कार्बोरेटर नाही, क्लच पूर्ण सुटत नाहीये. न्यूट्रलमध्ये क्लच दाबा, चार-पाच सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका, खर्रर्र आवाज आला म्हणजे नक्की झालं. केबल असेल तर ताणलीय का आणि पेडलचा प्ले किती आहे ते बघा, हायड्रॉलिक असेल तर ऑइलची पातळी, हवा शिरलीय का आणि खालचा सिलिंडर गळतोय का. पेडल दोन-तीनदा पंप केल्यावर गिअर नीट पडत असेल तर हायड्रॉलिकच आहे. गाडी खूप महिने उभी होती का, ते तुम्ही लिहिलं नाही. तसं असेल तर क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटलेली असू शकते, आणि मग केबल कितीही आवळली तरी ती सुटणार नाही.