सासून घरात कोणती भाषा बोलत?

प्रश्न : मुंबईचा सासून डॉक आणि पुण्याचं ससून हॉस्पिटल ज्यांच्या नावाचं, ते घराणं बगदादच्या ज्यूंचं होतं म्हणे. मग घरात ते हिब्रू बोलायचे की अरबी? ती भाषा आज कोणी बोलतं का?
– एक वाचक, अमळनेर

उत्तर : अरबीच. लिहायचे मात्र हिब्रू लिपीत. डेव्हिड सासून १८३०च्या दशकात मुंबईला आले. एकोणिसाव्या शतकात मुंबईच्या बगदादी ज्यूंचं या भाषेतलं वृत्तपत्रसुद्धा निघे. पुढच्या पिढ्या इंग्रजीकडे वळल्या.

ही मोडकीतोडकी अरबी असेल, असं मनात असेल तर ते काढून टाका. बगदाद शहराची जुनी बोली राखली ती ज्यूंनी आणि ख्रिस्ती लोकांनीच. १२५८ साली मंगोलांनी शहर उद्ध्वस्त केलं. पुढच्या शतकांत वाळवंटातल्या टोळ्या येऊन वसल्या आणि मुस्लिम बगदादकरांच्या तोंडी त्यांच्या वळणाची अरबी रुळली. ‘मी म्हणालो’ हे मुस्लिम ‘गिलित’ म्हणत, तर ज्यू ‘कल्तु’. मुस्लिम माणसाशी बोलताना ज्यू त्याच्या पद्धतीनं बोले, घरी आल्यावर आपल्या. खानदेशात हे वेगळं समजावायला नको. मधल्या सुट्टीत ‘काय करी ऱ्हायना रे?’ म्हणणारी माझ्या वर्गातली पोरं मी समोर दिसलो की ‘काय करतोस?’वर यायची.

मग बगदादी ज्यूंची ही बोली मोडली कशी? बोलणारे मोहल्लेच्या मोहल्ले उठले. १ आणि २ जून १९४१ला बगदादमध्ये ज्यूंची कत्तल आणि लूट झाली; तिला ‘फरहूद’ म्हणतात. १९४८च्या अरब-इस्रायल युद्धानंतर जगणं आणखी कठीण झालं. मार्च १९५०मध्ये कायदा आला, की नागरिकत्व सोडा आणि खुशाल जा. वर्षभरात अशांची मालमत्ताही गोठवली. १९५०-५१ या दोन वर्षांत इराकमधून सुमारे १ लाख २० हजार ज्यू इस्रायलला गेले. तिथं आधी तंबूंच्या छावण्या, मग पोरांना हिब्रू शाळा. अरबी तर शत्रूची भाषा ठरलेली. आई अरबीत बोले आणि पोरगं हिब्रूत उत्तर देई. मला सगळ्यात जास्त हेच लागतं; घर सुटलं, तरी आईची भाषा पोराला चारचौघांत लपवावी लागू नये.

आज ती सहज बोलणारे बहुतेक जण म्हातारे आहेत, बगदादमध्ये जन्मलेले. भाषाशास्त्रज्ञ हाइम ब्लांक यांनी बगदादच्या मुस्लिम, ज्यू आणि ख्रिस्ती बोलींचा अभ्यास १९६४ साली छापला, तेव्हा त्यातली ज्यू बोली त्या शहरातून जवळजवळ उठलेली होती.