कुत्रा निवांत पडला की त्याचे ठोके मधेच थांबतात, मग त्याला पळवणं बंद करायचं का?

तुम्ही विचारलंय की तुमचा लॅब, म्हणजे लॅब्राडोर, साडेतीन वर्षांचा आहे, जेवून पडला की छातीवर हात ठेवल्यावर ठोके एकसारखे लागत नाहीत, मधेच एखादा गायब होतो, आणि तुम्ही त्याला रोज सकाळी जळगावच्या मेहरूण तलावाकडे पळवायला नेता ते थांबवू का. भाऊ, खाणंपिणं व्यवस्थित, पळून आल्यावर शेपूट हलवत फिरतो असंही तुम्हीच लिहिलंय, म्हणून माझं मत आधीच सांगतो, पळवणं लगेच बंद करू नका. मी डॉक्टर नाही, धुळ्याकडे जनावरांच्या डॉक्टरांच्या हाताखाली काम करतो, गायी-म्हशींसोबत कुत्रीही भरपूर येतात, आणि हा प्रश्न घेऊन लोक खरंच घाबरून येतात.

निरोगी कुत्र्याचे ठोके आरामात असताना एकसारखे नसतातच. श्वास आत घेतला की भराभर पडतात, सोडला की संथ होतात, आणि दोन श्वासांच्या मधे चांगलाच गॅप पडतो. मेंदूकडून हृदयाकडे व्हेगस नावाची नस येते, तिने आरामात हृदयाचा कासरा ताणून धरलेला असतो, श्वास घेताना थोडा ढिला होतो आणि सोडताना परत ताणला जातो. माणसातही हे असतं पण कुत्र्यात फार ठळक असतं, जर्मनीच्या कार्ल लुडविग या शास्त्रज्ञाने 1847 मध्येच कुत्र्यावर याची नोंद केली होती. गाढ झोपेत तर चांगल्या धडधाकट कुत्र्याचं हृदय दोन-दोन सेकंद गप्प राहतं, कधी त्याहून जास्त, चोवीस तास ठोके नोंदवणारं हॉल्टर नावाचं मशीन लावलं की ते कागदावर दिसतं.

आता घरी कसं बघायचं ते सांगतो. तो शांत पडलेला असताना डाव्या कोपराच्या लगेच मागे छातीवर तळहात ठेवा, दुसऱ्या हाताची दोन बोटं मागच्या मांडीच्या आतल्या बाजूला वरती ठेवा, तिथे नाडी लागते, पहिल्यांदा सापडायला वेळ लागेल, दाबू नका फार. मग बरगड्या वर-खाली होताना बघत राहा. बरगडी फुगताना धक-धक-धक, खाली बसताना धक... धक... असं श्वासासोबत चालत असेल तर ते नॉर्मल. पंधरा सेकंद मोजून चारने गुणा, लॅबएवढ्या कुत्र्याचे आरामात साधारण 60 ते 120 च्या आसपास येतात. नंतर त्याला उठवा, अंगणात चार-पाच चकरा पळवा आणि लगेच परत हात लावा. आता ठोके वेगात आणि एकसारखे लागले पाहिजेत, गॅप गेला पाहिजे, कारण पळताना व्हेगसची पकड सुटते. आणि छातीवरच्या प्रत्येक ठोक्याला मांडीत नाडी आलीच पाहिजे. छातीवर ठोका लागला पण मांडीत काही आलं नाही, असं परत परत होत असेल, किंवा पळाल्यावर गडबड कमी व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर मात्र पळवणं त्याच दिवशी थांबवा आणि ईसीजी करून घ्या.

व्यायामाने हृदय बिघडतं असं लोकांना वाटतं, पण उलट आहे. 1984 मध्ये जॉर्ज बिलमन आणि पीटर श्वार्ट्झ या संशोधकांच्या टीमने हार्ट अटॅक होऊन गेलेल्या कुत्र्यांवर एक प्रयोग छापला, ज्यांच्या हृदयाची लय श्रमात जीवघेणी बिघडत होती त्यांना काही आठवडे रोज पळवलं तर ती बिघडायची थांबली. त्या कुत्र्यांचं वाचून मला वाईट वाटतं ते वेगळं, पण रोजच्या पळण्याने व्हेगसची पकड मजबूत होते हे त्यातून चांगलं कळलं.

जात मात्र बघावीच लागते. डॉबरमन आणि बॉक्सरमध्ये लय बिघडायचा आजार रक्तातून येतो, त्यात पळताना किंवा आनंदाने उड्या मारताना कुत्रा धाडकन पडतो. जर्मन शेफर्डच्या काही घराण्यांत तरुण पिल्लं दगावतात, तीही बरेचदा झोपेत, म्हणजे तिथे पळणंच दोषी असतं असं नाही. आणि तुमच्या लॅबमध्ये एक वेगळीच गोष्ट असते, पाच-पंधरा मिनिटं जोरात पळाला की मागचे पाय लुळे पडतात, लोक म्हणतात अटॅक आला, पण तो हृदयाचा आजार नाही, डीएनएम1 नावाच्या जीनमधला दोष आहे, 2008 मध्ये सापडला. आई आणि बाप दोघांकडूनही तो आला तरच त्रास होतो, थांबवलं की बहुतेक अर्ध्या तासात उभा राहतो, पण तसाच पळवत राहिलं तर जीवही जाऊ शकतो. त्याची टेस्ट असते.

मला तुमच्या कुत्र्याच्या ठोक्यांपेक्षा आपल्या उन्हाची जास्त काळजी वाटते. एप्रिल-मेमध्ये जळगाव-भुसावळला पारा 45 कडे जातो, कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही, हापून हापूनच गरमी बाहेर काढतो, आणि लॅब मालकाला खूश करायला थांबत नाही. उन्हाळ्यात दिवस उगवायच्या आत फिरवून आणा. आणि मोटरसायकलला साखळी बांधून कुत्रा पळवणारे आपल्याकडे आहेत त्यांना हात जोडून सांगतो, करू नका असं, त्याला थांबायचं असलं तरी थांबता येत नाही. खूप हापतोय, जीभ गडद लाल, झोकांड्या खातोय असं दिसलं तर साधं पाणी अंगावर ओता, वारा घाला आणि तसाच दवाखान्यात न्या.

हिवाळ्यात भरीत पार्टीतलं उरलेलं भरीतही देऊ नका, कांदा-लसणाने कुत्र्याच्या लाल पेशी फुटतात, रक्त कमी होतं आणि मग आरामातही ठोके वाढलेले लागतात.

चक्कर येऊन पडला, हिरड्या पांढऱ्या दिसल्या, झोपेत श्वास मिनिटाला 30 च्या वर जायला लागले, रात्री खोकतो, पोट फुगतंय, यातलं एक जरी दिसलं तरी लगेच डॉक्टरांकडे न्या. पडतो त्या वेळचा मोबाईलवर व्हिडिओ काढून ठेवा, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग होतो, कारण ईसीजी काही मिनिटांचा असतो आणि नेमकं त्याच वेळी ठोके चुकतील असं नसतं. ईसीजी स्वच्छ आला आणि कुत्र्याचं पडणं चालूच राहिलं तर हॉल्टरचं विचारा, त्यासाठी नाशिक किंवा मुंबईला जावं लागलं तरी जा.