बंद पडलेल्या गाडीपाशी थांबताना: आधी माणसं रस्त्यापासून लांब न्या

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. रात्री साडेदहाचा सुमार, चौपदरी रस्ता, कडेला बोनेट उघडून ठेवलेली गाडी आणि तिच्या मागे एक बाई दोन मुलांना घेऊन उभी. तुमच्या मागच्या सीटवर तुमची मुलगी झोपलेली. तुम्ही वेग कमी केलात, पण थांबायचं धाडस झालं नाही, आणि आठ दिवस झाले तरी ते चित्र डोळ्यांपुढून जात नाही. थांबायला हवं होतं का आणि पुढच्या वेळी थांबायचं तर कसं, असं विचारलंत. मी १७ वर्षं बंद पडलेल्या गाड्या रस्त्यावरून उचलून आणायचं काम करतोय. त्या कडेला उभं राहणं हाच माझा रोजचा धंदा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या मनातल्या बोचणीबद्दल. न थांबणारे तुम्ही एकटे नाही. ब्रायन आणि टेस्ट या संशोधकांनी १९६७ मध्ये छापलेला एक प्रयोग आहे. लॉस एंजेलिसमध्ये टायर बसलेल्या गाडीशेजारी एक तरुणी उभी केली आणि किती जण थांबतात ते मोजलं. ४००० गाड्या गेल्या, थांबल्या ९३. त्यातही ज्यांना साधारण चारशे मीटर आधी दुसरा कोणीतरी कुणाचा टायर बदलून देताना दिसला होता, त्यांच्यातले ५८ थांबले. ज्यांना तसं काही दिसलं नव्हतं, त्यांच्यातले फक्त ३५. माणसं निर्दय असतात असं मला यातून दिसत नाही. काय करावं हे पटकन सुचत नाही, आणि ते सुचेपर्यंत गाडी अर्धा किलोमीटर पुढे गेलेली असते. म्हणून काय करायचं हे आधीच ठरवून ठेवावं लागतं.

माझं मत स्पष्ट आहे. झोपलेली मुलगी घेऊन, अंधारात, वेगवान रस्त्यावर तुम्ही थांबला नाहीत हे बरोबर केलंत. राहिला तो फक्त फोन. पुढे सुरक्षित जागा मिळाली, पेट्रोल पंप असेल, टोलनाका असेल, की तिथे थांबून आपत्कालीन क्रमांक फिरवायचा. मोबाईलवरून ११२ बऱ्याच देशांत लागतो, आणि टोलच्या रस्त्यावर मदतीचा वेगळा क्रमांक पाटीवर लिहिलेला असतो. सांगायचं इतकंच: कोणता रस्ता, कोणत्या दिशेने जाणारी बाजू, जवळचा किलोमीटरचा दगड किंवा गेलेला पूल, गाडी कडेला आहे की लेनमध्ये, आणि सोबत मुलं आहेत. ‘दिशा’ हा शब्द विसरू नका. मधे दुभाजक असेल आणि दिशा चुकली, तर मदतीची गाडी पलीकडच्या बाजूला पोहोचते आणि पुढचं वळण गाठून परत यायला बराच वेळ जातो. मला स्वतःला असं कितीदा तरी फिरावं लागलं आहे. कुणीतरी फोन केलाच असेल असं धरून चालू नका. जाणारा प्रत्येक जण तेच धरून चाललेला असतो.

आता थांबायचं ठरवलंत तर.

लोकांना भीती वाटते ती अनोळखी माणसाची. मला या धंद्यात सर्वांत जास्त भीती वाटते ती मागून येणाऱ्या गाडीची. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ २८ मीटर कापते. चालकाला तुम्ही दिसल्यापासून त्याचा पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद धरला तर तेवढ्यातच ४२ मीटर गेले. नंतर कोरड्या रस्त्यावर चांगल्या टायरनी थांबायला आणखी पन्नास-पंचावन्न मीटर. म्हणजे सगळं नीट जुळून आलं तरी शंभरेक मीटर. रस्ता ओला असेल, चालक पेंगलेला असेल किंवा मोबाईलमध्ये डोकं घातलेलं असेल, तर हा हिशोब कोलमडतो. शिवाय दमलेला चालक जिकडे बघतो तिकडेच नकळत गाडी ओढतो. दुचाकीवाल्यांना हे चांगलं ठाऊक असतं, खड्ड्याकडे बघत राहिलं की चाक खड्ड्यातच जातं. कडेला लुकलुकणारे दिवे दिसले की नजर तिकडेच खिळते.

म्हणून थांबायची जागा हा अर्धा निर्णय आहे. वळण, चढाचा माथा, पूल, बोगदा, अरुंद साईडपट्टी इथे थांबू नका, सरळ पुढे जाऊन फोन करा. जागा चांगली असेल तर त्या गाडीला ओलांडून तीस-चाळीस मीटर पुढे, जमेल तितकं रस्त्याच्या बाहेर थांबा. मागे थांबून आपल्या गाडीची आड करावी असं काही जण सांगतात. पिवळे फिरते दिवे असलेली माझी अवजड गाडी मी मागे उभी करतो. तुमच्या साध्या गाडीने ते करू नये असं मला ठामपणे वाटतं. तिला मागून धडक बसली तर ती पुढच्या गाडीवर जाऊन आदळते, आणि मदत करणारा नेमका त्या दोघींच्या मधे उभा असतो. दोन गाड्यांच्या मधे उभं राहायचं नाही. डिकीतून काही काढायला नाही, नंबर बघायला नाही, बॅटरीची वायर जोडतानाही लागेल तेवढाच वेळ, आणि तेही गाड्या चालत्या रस्त्यापासून पूर्ण बाहेर असतील तरच.

हॅण्डब्रेक ओढा, पुढची चाकं रस्त्यापासून बाहेरच्या दिशेला वळवून ठेवा, चारही इंडिकेटर लावा, रात्री मागचे दिवे चालू राहू द्या. उतरायचं ते रहदारीच्या उलट बाजूच्या दारातून, भले त्यासाठी सीटवरून सरकत जावं लागलं तरी. आपल्या गाडीत कुणी बसलेलं असेल तर त्यांनाही त्याच बाजूने उतरवून कठड्यापलीकडे न्या. आणि चुकूनही विरुद्ध बाजूच्या कडेला, येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून हेडलाइट चालू ठेवून उभे राहू नका. समोरून येणाऱ्याला वाटतं की रस्ता तिकडून जातोय.

हे सगळं मला कोणी वर्गात शिकवलेलं नाही. माझ्या दुसऱ्या वर्षी एका गृहस्थांचा रस्त्याकडच्या बाजूचा मागचा टायर बसला होता. संध्याकाळ होती, अजून उजेड होता, काम दहा मिनिटांचं होतं. मी बसकण मारली, स्टेपनी मांडीला टेकवली आणि हात पुरावेत म्हणून मागचं दार उघडं ठेवलं. त्यांच्या पत्नी कठड्यापलीकडे उभ्या होत्या. त्या किंचाळल्या आणि मी काही न बघता त्यांच्या दिशेने अंग झोकलं. एक मालवाहू टेम्पो ते उघडं दार घेऊन गेला. दार नंतर बरंच पुढे सापडलं, आणि टेम्पोवाला तिथेच डोकं धरून बसला होता. दारू प्यायलेला नव्हता, पहाटेपासून गाडी चालवत होता. त्या दिवसापासून रस्त्याकडच्या बाजूचा टायर मी कडेला बदलत नाही. गाडी उचलतो, सुरक्षित जागी नेतो, मग बदलतो. तुमच्याकडे उचलायची सोय नसेल तर बसलेल्या टायरवरच गाडी हळूहळू पुढच्या मोकळ्या जागेपर्यंत जाऊ द्या. रिम खराब होईल. होऊ दे.

त्यात मी वाचलो, कारण बघणारं माणूस योग्य जागी उभं होतं. म्हणून पोहोचल्यावर तुमचं पहिलं काम बोनेटमध्ये डोकावणं नाही. पहिलं काम म्हणजे सगळ्यांना गाडीतून आणि गाडीच्या आजूबाजूने हलवणं. कठडा असेल तर कठड्यापलीकडे, नसेल तर रस्त्यापासून जितकं लांब जाता येईल तितकं. आणि उभं राहायचं ते बंद गाडीच्या मागे, म्हणजे रहदारी जिकडून येते त्या अंगाला बरंच अंतर सोडून. बहुतेक लोक पुढच्या बाजूला उभे राहतात. धडक बसलेली गाडी पुढेच फेकली जाते, तिचे तुकडेही पुढेच उडतात. तुम्ही सांगितलेली बाई मुलांना घेऊन मागे उभी होती, पण गाडीला लागून उभी होती का, हे तुमच्या लिहिण्यावरून कळत नाही. लागून असेल तर ती जागा सर्वांत वाईट. पलीकडे उतार, नाला किंवा पुलाची पोकळी नाही ना, हे टॉर्चने बघितल्याशिवाय अंधारात कठडा ओलांडू नका.

गाडी चालत्या लेनमध्येच बंद पडली असेल आणि दोन्हीकडून वाहनं वेगात जात असतील, तर तिच्याकडे धावत जाऊ नका. तिथे तुम्ही फक्त आणखी एक माणूस रस्त्यावर वाढवता. कडेला राहून फोन करा. आतली माणसं बाहेर पडू शकत नसतील तर पट्टे लावून, दिवे लावून बसलेली बरी.

लाल त्रिकोण ठेवायचा तर तो गाडीपासून पाच पावलांवर ठेवून काही उपयोग नाही. वरचा शंभर मीटरचा हिशोब आठवा. संथ रस्त्यावर पन्नासेक मीटर चालतील, वेगवान रस्त्यावर शंभर किंवा जास्त, आणि वळण किंवा चढ असेल तर त्याच्याही अलीकडे. चालत जाताना त्रिकोण छातीपुढे येणाऱ्या गाड्यांच्या दिशेला धरा, म्हणजे जाता-जाताच तो तुम्हालाही दाखवतो, आणि कठड्यापलीकडून चाला. द्रुतगती मार्गावर साईडपट्टीवरून चालत जावं लागणार असेल तर त्रिकोण राहू द्या. परावर्तक जाकीट मात्र डिकीत नाही, सीटखाली ठेवा, उतरायच्या आधी अंगात हवं. गडद कपड्यातला माणूस खालच्या झोतात अगदी जवळ आल्यावरच दिसतो, आणि तोवर ब्रेकचं अंतर संपलेलं असतं.

अनोळखी माणसांच्या भीतीकडे येतो. ती खोटी नाही. मन ‘नको’ म्हणत असेल, गाडी चांगली दिसतेय पण माणसं नीट सांगत नाहीत, कुणीतरी अंधारात मागे उभं आहे, रस्त्याच्या मधे येऊन हात करतंय, तर थांबू नका. कारण शोधत बसायची गरज नाही, फोन करा आणि पुढे व्हा. थांबलातच तर आधी दारं लॉक ठेवून, काच दोन बोटं उघडून बोला. थांबण्याआधी घरच्या कुणाला तरी ठिकाण पाठवून ठेवा. गाडीची किल्ली खिशात, इंजिन बंद.

पण एक गोष्ट आपण विसरतो. तितकीच भीती समोरच्यालाही तुमची वाटते. एकटी बाई असेल, म्हातारं जोडपं असेल, तर सरळ खिडकीशी जाऊन काच वाजवू नका. आठ-दहा पावलांवर, हात दिसतील असे उभे राहा आणि मोठ्याने विचारा, “फोन केलाय का कुणाला? मी करू का?” तुमच्या फोनवरून त्यांच्या घरच्यांशी बोलायचं असेल तर तुम्ही नंबर लावा आणि स्पीकरवर बोलू द्या, फोन हातातून सोडू नका. ‘चला, मी सोडतो’ हे पहिलं वाक्य कधीच नको. त्या नको म्हणाल्या तर मान राखा, मदत येतेय एवढी खात्री करा, निघा.

दुरुस्तीबद्दल फार लिहीत नाही, कारण बहुतेक वेळा ती करूच नये. तापलेल्या रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही. आत पाणी दाबाखाली असतं, झाकण सैल होताच उकळतं पाणी आणि वाफ तोंडावर येते. अर्धा तास तरी थंड होऊ द्या. जॅकवर उचललेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका, आणि मऊ मातीत किंवा उतारावर जॅक लावू नका. बॅटरी जोडताना काळ्या वायरीचं शेवटचं टोक मेलेल्या बॅटरीवर नाही, तर त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून लांब लावायचं. बॅटरीतून हायड्रोजन निघतो आणि शेवटच्या जोडणीला ठिणगी पडते. बोनेटच्या फटीतून धूर येत असेल तर बोनेट उघडू नका, हवा मिळाली की भडका होतो. विजेच्या गाडीतल्या नारिंगी वायरींना हात नाही. दोरी बांधून ओढायचं काम रहदारीच्या रस्त्यावर करू नका. ताणलेली दोरी तुटली की चाबकासारखी येते.

आणखी कुणी मदतीला थांबलं तर त्यांना धन्यवाद देऊन पुढे पाठवा. एक गाडी थांबली की दुसरी थांबते, मग तिसरी, आणि दहा मिनिटांत कडेला चार गाड्या आणि पंधरा माणसांची गर्दी होते. मी पोहोचतो तेव्हा बंद गाडीपेक्षा ही गर्दी हलवायला जास्त वेळ लागतो.

निघताना त्या लोकांना सांगून निघा, मदत किती वेळात येणार आहे तेही सांगा, आणि कठड्यापलीकडून हलू नका असं पुन्हा एकदा बजावा. कारण तुम्ही गेलात की ते गारठून परत गाडीत जाऊन बसतात. मग आरशात मोठी मोकळी जागा दिसेपर्यंत थांबा, साईडपट्टीवरच वेग घ्या आणि त्या वेगाने लेनमध्ये शिरा. पुढच्या थांब्यावरून पुन्हा एकदा त्या क्रमांकावर फोन करून गाडी पोहोचली का ते विचारा. ते उत्तर मिळालं की रात्री झोप लागते.